तनुकेश आणि तेलाची मात्रा

“केस पातळ आहेत” असे रुग्णा सांगते, तेव्हा दोन अर्थ संभवतात. केसांची संख्या घटली असेल, अथवा प्रत्येक केसच मुळात बारीक असेल. दुसऱ्या प्रकारास आम्ही येथे तनुकेश म्हणतो. चरकाचार्यांनी विमानस्थानात पित्तप्रकृतीचे केश मृदू, अल्प व कपिल वर्णिले आहेत. अशा प्रकृतिसिद्ध केसांवर खालित्याची चिकित्सा करणे अनाठायी ठरते.

हा भेद न केल्याने आमच्याकडूनही चूक घडली आहे. एका महाविद्यालयीन मुलीस आम्ही रोज रात्री भरपूर भृंगराज तेल लावण्यास सांगितले. केस चिकटून टाळू दिसू लागली. तेल काढण्यासाठी ती नित्य रिठा वापरू लागली आणि रूक्ष झालेले केस तुटू लागले. तेल तेच ठेवून मात्रा घटविली, रिठा बंद केला, तेव्हा तुटणे कमी झाले.

तनुकेशास आठवड्यातून दोनदा, न्हाण्यापूर्वी तासभर, चमचाभर कोमट तेल पुरे. ओला केस दुर्बल असतो. तो वाळू लागल्यावरच रुंद दातांच्या फणीने विंचरावा. घट्ट अंबाडा नित्य घातल्यास कपाळावरील केशरेषा मागे सरते, म्हणून वेणी सैलच असावी. खांद्यापर्यंत, टोके सरळ रेषेत कापलेले केस दाट भासतात.

औषधी दुकानदार बंधूंनी तेलाची मोठी बाटली देण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे : केस बालपणापासून असे आहेत, की अलीकडे विरळ झाले? अलीकडे झाले असल्यास रुग्णास वैद्याकडे पाठवावे. त्यामागे पांडुरोग वा थायरॉइडचा विकार असू शकतो. रक्ततपासणीस विलंब नको.