आधी भाव ठरवा, मग ‘बाय नाऊ’ दाबा!

घाटकोपर स्टेशनबाहेर आपण टी-शर्ट कसा घेतो? कापड चोळून बघतो, शिवण ताणून बघतो, घासाघीस करतो. नाहीच पटलं तर चार पावलं पुढे जातो. मागून हाक येणार याची खात्री असते! ऑनलाइन खरेदीत यातलं काहीच नाही. मग आपला निर्णय होतो तरी कसा?

पहिला मुद्दा विश्वासाचा. मुंबईत २००० साली सुरू झालेल्या बाझी डॉट कॉमवर अनोळखी माणसाच्या वस्तूवर बोली लावता येई. २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली. पण न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आधी द्यायचे, ही भीती होतीच. २०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली. वस्तू हातात, मग पैसे, हा बाजारातला जुनाच नियम! आज तेच काम रिटर्नची सोय आणि ग्राहकांनी टाकलेले फोटो करतात.

दुसरा मुद्दा तुलनेचा. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक गंमतशीर प्रयोग मांडला. आधी आकड्यांचं चक्र फिरवायचं, मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, ते सांगायचं. चक्र १० वर थांबलं त्यांचा अंदाज साधारण २५, तर ६५ वर थांबलं त्यांचा ४५! चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. खोडलेली किंमत आपल्यावर हेच करते. १९९९ वर काट मारली की ६९९ स्वस्त वाटतात.

तिसरा मुद्दा नुकसानीच्या भीतीचा. समजा, कार्टमध्ये ४२० रुपयांचा माल आहे आणि ४९९ वर डिलिव्हरी फुकट. ४० रुपये वाचवायला आपण ९० रुपयांची नको असलेली वस्तू घेतो, म्हणजे ५० रुपये जास्तच घालवतो!

‘फक्त २ शिल्लक’ अशी खोटी घाई करणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसवणं, शेवटी छुपे चार्जेस लावणं अशा १३ क्लृप्त्यांवर ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी बंदी आणली. तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

तेव्हा अ‍ॅप उघडण्याआधी वस्तू आणि जास्तीत जास्त रक्कम वहीत लिहा. आणि हो, उद्या असे स्क्रीन आपल्यातलेच कुणीतरी बनवणार आहेत. तेव्हाही ही वही आठवली पाहिजे.