सकाळी साफ दिसतं म्हणून गप्प बसू नकोस

अगं, शिफ्ट सुटली की गेटवरच्या दिव्याभोवती निळसर कडं दिसतं, हे तू हसत हसत सांगितलंस. "झोपून उठलं की साफ दिसतं गं ताई," असंही म्हणालीस. मला तिथंच शंका आली.

तुमच्या फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये वाळूतलं रेझिन घट्ट करायला अमाइनची वाफ सोडतात ना? तो कुजक्या मासळीसारखा वास तिचाच. त्या वाफेनं बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो. लगेच दुखत नाही, काही तासांनी धुकं पडल्यासारखं दिसायला लागतं. हवेशीर जागी गेलं, रात्र गेली की सूज उतरते. म्हणून सगळ्याजणी "सवय झाली" म्हणतात. पण डोळ्याला कसली सवय होते गं? रोज वाफ, रोज सूज, आणि त्या धुरकट नजरेनं तू अंधारात हायवेवरून स्कूटी चालवतेस!

डोळ्यांच्या डॉक्टरकडे सुट्टीच्या दिवशी सकाळी जाऊ नकोस, तेव्हा त्यांना काहीच सापडणार नाही. धुकं असेल त्याच संध्याकाळी जा, कुणालातरी सोबत घेऊन. "डोळे चुरचुरतात" एवढंच सांगू नकोस. ड्रमवरच्या लेबलाचा फोटो दाखव. कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर असताना, किती वाजता सुरू झालं, ते वहीत लिहून ठेव. मेडिकलमधून आपल्या मनानं ड्रॉप्स आणू नकोस; त्यात स्टेरॉइड असलं, तर बरेच दिवस घातल्यानं डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो.

कामावर एकटीनं तक्रार करू नकोस, चौघीजणी मिळून सुपरवायझरकडे जा. केमिकलची सेफ्टी डेटा शीट मागा. एक्झॉस्ट नीट ओढतो का, स्क्रबर चालू असतो का, विचारा. ताजे कोअर तुमच्या शेजारीच रचतात ना? त्यांतूनही वाफ निघत राहते. ते लांब ठेवायला सांगा. साध्या चष्म्यानं वाफ अडत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल लागतो. तरी गॉगल देऊन एक्झॉस्टचं काम टाळलं, तर ऐकून घेऊ नका.

आणि डोळ्यात काही उडालंच, विशेषतः कॉस्टिक, तर आधी नळाखाली पापण्या उघड्या धरून निदान 20 मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. कॉस्टिक म्हणजे अल्कली, ती ॲसिडपेक्षा खोल शिरते.

उद्याच त्या ड्रमचा फोटो काढ आणि मलाही पाठव.