घरगुती विमानाचे जनित्र आणि टायमिंग सेन्सर

प्रश्न (आजरा, जि. कोल्हापूर): घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनासाठी जनित्र व टायमिंग सेन्सर कसे निवडावेत?

उत्तर: कांदिवलीतील चारकोप येथे गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली, तेव्हा असा उद्योग निव्वळ हौस म्हणून उडवून लावता येत नाही. जनित्राची निवड विजेच्या मागणीवरून करावी. इग्निशन, इंधनपंप आणि रेडिओ यांचा सततचा भार १५ अँपिअर असेल, तर २० अँपिअरचे, म्हणजे १४ व्होल्टला २८० वॉटचे जनित्र घ्यावे, आणि ते शक्यतो कायम चुंबकाचे असावे, कारण फिरत्या चुंबकांमुळे स्थिर वेटोळ्यांत वीज निर्माण होत असल्याने त्यात झिजणारे ब्रश नसतात.

सेन्सरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. क्रँकशाफ्टची स्थिती टिपणाऱ्या चुंबकीय पिकअपला बाहेरची वीज लागत नाही, परंतु त्याचा संकेत वेगाबरोबर वाढत असल्यामुळे इंजिन सुरू करताना तो क्षीण असतो. हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकक्षेत्र ओळखणारा अर्धवाहक, मंद वेगातही स्पष्ट संकेत देतो, मात्र वीज गेली की मुका होतो. म्हणून हॉल सेन्सर निवडल्यास दुसरा सेन्सर आणि स्वतंत्र राखीव बॅटरी अपरिहार्य मानावी, इग्निशन मॉड्यूल त्याच संकेतासाठी बनलेले आहे याची खात्री करावी, आणि आजऱ्याचा पाऊस पाहता जोडण्या जलरोधकच घ्याव्यात.