सैल हातांची मेहनत

विहिरीवर पाणी ओढणारांस पाहा. नवखा मनुष्य दोर करकचून आवळतो, दातओठ खातो आणि चार घागरींत थकून जातो. सवयीची बाई तेच पाणी बोलत बोलत ओढते. मग अंतर कशात आहे? आजच्या पाठात ह्याचाच विचार करू.

बी. के. एस. अय्यंगार हे १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, योगासने शिकविण्यास पुणे शहरी आले. मलेरिया, विषमज्वर व क्षय ह्यांनी त्यांचे बालपण पोखरले होते, आणि शिष्य तर त्यांच्याहून धट्टेकट्टे होते. त्यांच्यापुढे उणे पडू नये म्हणून ते तासन्‌तास आपला देह पिळून काढीत.

आसन स्थिर व सुखकर असावे, आणि प्रयत्नाचा ताण ओसरला म्हणजे ते साधते, असे पतंजलीच्या योगसूत्रांचे शिक्षण आहे. अय्यंगारांनी पुढे लाकडी ठोकळे, पट्टे, दोर व खुर्च्या उपयोगात आणिल्या. ज्याचा हात भुईस पोहोचत नाही, त्याने कंबर मोडून न घेता हाताखाली ठोकळा ठेवावा. आधार मिळताच श्वास मोकळा होतो व आवळलेले अंग हळूहळू उलगडते. १९५२ साली विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन मुंबईत त्यांस भेटले, ते थकलेले होते. अय्यंगारांनी त्यांस प्रथम विसावा घेण्यास शिकविले, तोच ते झोपी गेले! ती भेट आयुष्यभराच्या स्नेहाचा आरंभ ठरली.

परंतु कोणी ह्यातून आळसाचा अर्थ काढू नये. अय्यंगार २०१४ साली पंचाण्णवाव्या वर्षी पुण्यात वारले. उतारवयातही त्यांनी नित्याचा अभ्यास सोडिला नव्हता. त्यांनी टाकिली ती ओढाताण, मेहनत नव्हे.

आम्ही हा धडा उशिरा शिकलो. रात्रीच्या शाळेत एक वयस्क गृहस्थ वाचताना अडखळत. आम्ही आवाज चढवीत असू, तसतशी त्यांची जीभ अधिकच अडे. एके दिवशी ते आलेच नाहीत. त्यांच्या हाताखाली ठोकळा ठेवावयाचा होता, म्हणजे दोनच ओळी द्यावयाच्या होत्या व थांबावयाचे होते. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली, आणि ते परत आले.

विचारासाठी प्रश्न: आपण आज कोणते काम मुठी आवळून करीत आहो? त्याखाली कोणता आधार ठेविता येईल?