प्रवासाला एकच लेन्स

प्रश्न : अजिंठा-वेरूळला निघालो आहे. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा आहे. एकच लेन्स न्यायची, तर १८-२०० घ्यावी की १७-५०?

उत्तर : १८-२०० मिलीमीटरची झूम लेन्स उघड्या माळावर सर्व काही टिपण्याची हमी देते आणि ती पाळतेही, परंतु अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, जेथे फ्लॅशला सक्त मनाई आहे आणि भित्तिचित्रातील बोधिसत्त्व पद्मपाणीचे अवनत मुख डोळे अंधाराला सरावल्यावरच हळूहळू प्रकट होते, तेथे ५० मिलीमीटरलाच एफ/५ च्या आसपास आकुंचन पावणारे तिचे छिद्र अपुरे पडते. सबब माझी शिफारस एफ/२.८ छिद्राच्या १७-५० ची आहे. तिच्यातून सुमारे तिप्पट प्रकाश येतो, म्हणजे जेथे १/१५ सेकंद श्वास रोखून हात स्थिर ठेवावा लागला असता, तेथे १/५० सेकंदात काम भागते. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात तर पाठीशी कातळ येतो, मागे सरकण्यास जागा उरत नाही, आणि १७ चे रुंद टोकच कामी येते. अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या दरीतला दूरचा पक्षी हातचा जाईल, हे मात्र मान्य केले पाहिजे.

अंधाराच्या सरावासाठी निघण्यापूर्वी चार संध्याकाळी देवघरातल्या समईच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मूर्तीची छायाचित्रे अवश्य घेऊन पाहा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. त्या बेताने मुक्काम ठरवावा.