सहा मिनिटांची चाल

(अतिशय लठ्ठ व्यक्तीला रोजच्या जीवनात कोणत्या अडचणी येतात आणि थोड्याशा नियमित व्यायामाने तिचे जगणे कसे सुसह्य होते, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, पाच किलो गव्हाची पिशवी घेऊन तुम्ही कधी जिना चढला आहात का? धाप लागते, पाय भरून येतात. पिशवी खाली ठेवली की हायसे वाटते. पण ज्यांना साठ किलोंचे जादा ओझे रात्रंदिवस वाहावे लागते, आणि क्षणभरही खाली ठेवता येत नाही, त्यांचे काय होत असेल?

माझ्या मामूंचे असेच झाले होते. मालेगावात त्यांचे कापडाचे छोटे दुकान आहे. त्यांची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १२८ किलो होते. बूट घालण्यासाठी त्यांना वाकता येत नसे. रात्री घोरताना श्वास अडकून जाग येई, त्यामुळे दिवसा दुकानात डुलक्या लागत. गुडघे दुखत, म्हणून ते खुर्चीवर बसून नमाज पढत. मशीद घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी ते रिक्षाने जात. लग्नाला जाणे तर त्यांनी सोडूनच दिले होते. "खुर्ची मोडली तर लोक हसतील," असे ते म्हणत.

एकदा ते आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आले. बावीस पायऱ्यांचा जिना चढताना ते तीनदा थांबले. मागून येणारी काही मुले हसली. मामूंनी ऐकले, पण ते काही बोलले नाहीत. मला लाज वाटली; मुलांची नव्हे, मामूंची! आज तो प्रसंग आठवला की मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मामू स्वतःच म्हणाले, "चल, मला डॉक्टरांकडे घेऊन चल."

डॉक्टरबाईंनी एक साधे गणित मांडले. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागायचे. १.६ चा वर्ग २.५६. १२८ भागिले २.५६ म्हणजे ५०. मोठ्या माणसांत हा आकडा ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याला तीव्र लठ्ठपणा म्हणतात. (मुलांसाठी हे मोजमाप वेगळे असते.)

मामू खालच्या आवाजात म्हणाले, "चूक माझीच आहे."

बाई म्हणाल्या, "खाणे आणि बैठे काम ही कारणे आहेतच. पण आनुवंशिकता, अपुरी झोप, काही औषधे यांमुळेही वजन वाढते. हा आजार आहे, गुन्हा नव्हे."

मग त्यांनी मामूंचा रक्तदाब, रक्तातील साखर आणि हृदय तपासले. नंतर तीस मीटर लांबीच्या सरळ व्हरांड्यात त्यांना सहा मिनिटे चालायला सांगितले. दमल्यास थांबण्याची मुभा होती. मामू २१० मीटर चालले. "हा आकडा लिहून ठेवा," बाई म्हणाल्या. "वजनाइतकेच लक्ष याच्याकडे द्या."

मामूंनी पाच मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात केली. दर आठवड्याला ते थोडी थोडी वेळ वाढवत गेले. चालताना बोलता यावे, इतकाच वेग ठेवायचा. शिवाय हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठायचे. जेवणात तेल आणि भात कमी केला, भाजी आणि डाळ वाढवली. ईदला शिरखुर्मा घेतला, पण एकच वाटी. मध्ये पावसाळ्यात महिनाभर चालणे बंद पडले. तेव्हा ते फार निराश झाले. पण पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू केले.

वर्षभराने वजन ११९ किलो झाले. आकडा अजून ४० च्या वरच होता. पण सहा मिनिटांत ते ३३० मीटर चालले! साखर आणि रक्तदाब खाली आला. झोप सुधारली. वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. मामूंचे नऊ किलो घटले होते! सजद्यासाठी खुर्ची अजून लागते, पण मशिदीत ते आता पायी जातात. मामू हसून म्हणतात, "काटा थोडाच हलला, पण मी पुष्कळ हलू लागलो."

काही रुग्णांना औषधे किंवा शस्त्रक्रियाही लागते. ते डॉक्टरच ठरवतात.

यंदा मामू पुन्हा स्नेहसंमेलनाला आले. जिन्यात एकदा थांबले. मागून येणारा एक मुलगाही थांबला आणि म्हणाला, "सावकाश या चाचा, कार्यक्रमाला अजून वेळ आहे."

शब्दार्थ
धाप लागणे – दम लागणे
हायसे वाटणे – बरे वाटणे, सुटल्यासारखे वाटणे
हाकेच्या अंतरावर – अगदी जवळ
मुभा – परवानगी, सवलत
आनुवंशिकता – आईवडिलांकडून मुलांमध्ये गुण येणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामू मशिदीत रिक्षाने का जात?
(आ) डॉक्टरबाईंनी कोणता आकडा लिहून ठेवायला सांगितला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मामूंनी लग्नाला जाणे सोडले.
(आ) लेखकाला आज स्वतःचीच लाज वाटते.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा : धाप लागणे, हायसे वाटणे.

प्र. ४. गणित करा : वजन ११९ किलो झाल्यावर मामूंचा आकडा किती झाला?