ऑनलाइन कमाईचा आरंभ : हलाल उपजीविकेच्या दृष्टीने

शुक्रवारची नमाज आटोपली की जमिनीवर पसरून अल्लाहची कृपा शोधावी आणि त्याचे स्मरणही करीत राहावे, असे मार्गदर्शन दिव्य कुरआनच्या सूरह जुमुआमध्ये आले आहे. उपजीविकेचा शोध हा उपासनेला पारखा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

हिजरतीनंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेत रिक्तहस्ते आले. त्यांचे अन्सारी बंधू हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि केवळ बाजाराचा रस्ता विचारला. सुके पनीर व तूप यांच्या छोट्या व्यवहारापासून त्यांचा आरंभ झाला आणि पुढे ते मदीनेतील धनाढ्य व दानशूर व्यापारी म्हणून ओळखले गेले.

आज आपल्या मुलामुलींच्या हातातील मोबाईल हाही बाजाराचा एक रस्ता आहे. तेथे पाऊल कसे टाकावे, हे मात्र शिकून घ्यावे लागते.

आधी हुनर, मग मोबाईल

इंटरनेट स्वतः धंदा नव्हे. ग्राहकापर्यंत पोहोचण्याचे ते साधन आहे. म्हणून पहिला प्रश्न असा की, मोबदला देण्याजोगे कोणते काम आपल्याला येते? शिवणकाम, मेंदी, उर्दू-मराठी अनुवाद, हिशेबलेखन, तज्वीदसह कुरआन पठण शिकविणे, घरगुती आमसुले किंवा नानकटाई, यांपैकी एकच काम निवडावे. प्रथम ओळखीच्या दहा-पंधरा ग्राहकांना समाधान द्यावे, नंतर विस्तार करावा. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक असते. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी दलालाला पैसे देण्याची गरज नाही.

धान्याची ओली रास

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

ऑनलाइन ग्राहकाला राशीत हात घालता येत नाही. त्याच्यापुढे केवळ छायाचित्र आणि आपण लिहिलेले चार शब्द असतात. त्यामुळे ते शब्द ही आपल्याकडील अमानत ठरते. यंत्रमागावरील साडीला हातमागाची पैठणी म्हणणे, अन्यत्र विणलेल्या चादरीला सोलापुरी म्हणणे, कापडातील दोष छायाचित्रात येऊ न देणे, हे सर्व ओले धान्य खाली दडविण्यासारखेच आहे. दोष असल्यास तो आधी लिहावा आणि किंमत त्यानुसार ठेवावी.

नातेवाइकांकडून किंवा पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेणे हीदेखील खोटी साक्षच होय. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास भारताच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनीही मनाई केली आहे.

हातात नसलेली वस्तू

अनेक तरुण दुसऱ्याच्या मालाची छायाचित्रे टाकून मागणी घेतात, पैसे स्वीकारतात आणि मग तो माल परस्पर ग्राहकाकडे पाठवितात. यालाच ड्रॉपशिपिंग म्हणतात. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी अशाच प्रकारचा प्रश्न विचारला असता, जे तुमच्यापाशी नाही ते विकू नका, असा आदेश प्रेषितांनी (स.) दिला. माल मिळालाच नाही किंवा निकृष्ट निघाला तर तंटा उद्भवतो आणि ग्राहकाचा पैसा अडकतो, हे आपण पाहतोच.

मात्र वाट बंद झालेली नाही. थोडा माल स्वतः खरेदी करून ताब्यात घ्यावा व मग विकावा. भांडवल नसेल तर मालकाशी स्पष्ट करार करून त्याचा प्रतिनिधी म्हणून ठरलेल्या मोबदल्यावर काम करावे आणि ग्राहकालाही तसे सांगावे. तिसरा मार्ग सलमचा आहे : पूर्ण किंमत आगाऊ घेऊन वस्तूचा प्रकार, प्रमाण आणि देण्याची मुदत निश्चित करणे. मागणीनुसार वस्तू बनवून देण्याच्या तपशिलात फिकही मतभेद आहेत. कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई, तर देशावरील बहुतांशी हनफी असल्याने आपापल्या आलिमांना संपूर्ण व्यवहार समजावून सांगून विचारणा करावी.

घरबसल्या पैशाचे आमिष

व्हिडिओला पसंती द्या आणि पैसे मिळवा, नोंदणी शुल्क भरा आणि काम घ्या, अशा संदेशांना अनेक कुटुंबे बळी पडतात. येथे एकच कसोटी लावावी : पैसे कोण देत आहे आणि कशाबद्दल? याचे सरळ उत्तर नसेल तर दूर राहावे. सर्वांत घातक प्रकार म्हणजे कमिशनसाठी आपले बँक खाते परक्याला वापरू देणे. त्या खात्यातून लुबाडलेला पैसा फिरतो, खाते गोठविले जाते आणि पोलीस चौकशी खातेदाराच्या दारी येते. पापातील सहकार्य कुरआनने निषिद्ध केले आहे. अजाणतेपणाची सबब आईवडिलांचे अश्रू पुसत नाही. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

हिशेब आणि वेळ

धंद्याचा पैसा घरखर्चापासून वेगळा ठेवावा. उधारी लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरामध्ये सविस्तर आला आहे. मोबाईलवरील तोंडी कबुलीवर विसंबू नये. निसाबाइतकी मालमत्ता होऊन चांद्रवर्ष पूर्ण झाले की विक्रीच्या मालावरही अडीच टक्के जकात द्यावी लागते, हे विसरू नये. तसेच मागण्यांच्या धांदलीत नमाज हुकू देऊ नये.

विक्रेता व ग्राहक खरे बोलले आणि दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते. लपवाछपवी केली तर बरकत नाहीशी होते, अशी शिकवण बुखारीतील हदीसमध्ये आहे. पहिल्या महिन्यात हाती अल्प रक्कम आली तरी खचू नये. मुलाने अथवा मुलीने ती कमाई घरी आणली की आईवडिलांनी आधी ती कशी मिळाली हे आपुलकीने विचारावे आणि मग बरकतीची दुआ करावी. अल्लाह आम्हा सर्वांना हलाल उपजीविका आणि तीत समाधान देवो. आमीन.